कोठा साफ करावा की ताट तपासावे?

आपल्या खानदेशातील खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकरी कुटुंबांत अलीकडे एक नवी टूम शिरली आहे. जुन्या पिढीतील माणसे वर्षाकाठी एकदा-दोनदा एरंडेल घेऊन कोठा साफ करीत असत. त्यांची नातवंडे आता 'डिटॉक्स' या नावाची भुकटी, काढा, रसाची बाटली किंवा सात दिवसांचे पाकीट फोनवरून मागवितात. नाव पालटले, किंमत पुष्कळ वाढली; समजूत मात्र जुनीच राहिली. ती अशी की, शरीरात कसलेसे विष नित्य साठत असते व ते अधूनमधून जोर लावून बाहेर काढावे लागते.

याच सुमारास काही विचारी मंडळींनी निराळा मार्ग सुचविला आहे. पाकिटाच्या मागे न लागता काही आठवडे केवळ घरचे, शेतातून येते त्याच रूपाच्या जवळचे अन्न खावे; ज्या पदार्थांवर संशय असेल ते तेवढ्या काळात वर्ज्य करावेत; आणि मग एकेक पदार्थ पुन्हा ताटात घेऊन तो सोसतो की नाही ते पाहावे. या पद्धतीस आपण येथे 'वर्ज्याहार' म्हणू. हा वर्ज्याहार त्या जुलाबाची व पाकिटाची जागा घेऊ शकेल काय, असा प्रश्न आहे. आमच्या मते घेऊ शकेल. मात्र त्याचे कारण बहुतेक लोक समजतात ते नाही. वर्ज्याहाराने शरीर अधिक स्वच्छ होते असे मुळीच नाही. त्याने आपल्याला काही माहिती मिळते, आणि जुलाबाने ती कधीच मिळत नाही.

प्रथम या साठलेल्या विषाची चौकशी करू. शरीरातील टाकाऊ द्रव्यांची वासलात लावण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करीत असतात. धडधाकट माणसाची मूत्रपिंडे चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात व त्यातील दीड-दोन लिटरांखेरीज सर्व परत रक्तात सोडतात. यकृत मद्य, औषधे व आतड्यांतून आलेली नको ती द्रव्ये यांचे रूप पालटून ती बाहेर टाकण्याजोगी करते. हे अवयव बिघडले तर ते काम कोणत्याही भुकटीने होत नाही. आणि ते नीट चालत असतील तर भुकटीला काम उरत नाही. पाकिटावर विषाचा उल्लेख असतो, पण कोणते विष, रक्तात ते किती होते, सात दिवसांनी किती उरले, यांचा हिशेब कोठेही दिलेला नसतो. कापसाचे माप काट्यावर घेतल्याशिवाय एक क्विंटलही न देणारा आमचा शेतकरी येथे मात्र बिनमापाचा व्यवहार कसा करतो, याचे नवल वाटते.

आतड्यातील मळ अंगात मुरून विष पसरते, ही कल्पना काही आपल्याच लोकांची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विलायतेत व अमेरिकेत फार बोकाळली होती. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर विल्यम आर्बुथनॉट लेन हे तर या समजुतीपायी रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत. १९१९ साली वॉल्टर आल्वारेझ या अमेरिकन वैद्याने एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. बद्धकोष्ठाने डोके दुखणे, अंग जड होणे ही लक्षणे शौचास होताच तत्काळ जातात. ती रक्तात भिनलेल्या विषाची असती तर उतरण्यास काही तास तरी लागले असते. पुढे त्याच सुमारास काही निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून पाहण्यात आले, तेव्हाही तीच लक्षणे उद्भवली. कापसात विष कोठले? तो केवळ ताणाचा परिणाम होता. ही कल्पना वैद्यकातून शंभर वर्षांपूर्वीच बाद झाली. बाजारातून मात्र ती अद्याप गेलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की, आयुर्वेदाने विरेचन सांगितले आहे, त्याचे काय? आयुर्वेदातील शोधनाचा विधी आणि हे पाकीट यांत फार अंतर आहे. त्या शास्त्राने विरेचनापूर्वी स्नेहन व स्वेदन सांगितले, त्यास शरद ऋतूचा काळ नेमून दिला, बालक, वृद्ध, गर्भिणी व अशक्त यांस वगळले, आणि नंतर पेया, विलेपी, यूष अशा चढत्या क्रमाने अनेक दिवस आहार वाढवीत नेण्याचा संसर्जनक्रम घालून दिला. त्या विधीमागील उपपत्ती आजच्या कसोटीस किती उतरते, हा वाद निराळा. पण त्यात वैद्याची नजर व पथ्याची शिस्त तरी होती. आमच्याकडे उरला तो फक्त मधला जुलाब. पुढचे-मागचे गळाले, वैद्य गळाला, ऋतूही गळाला.

ऋतू गळाल्याचा परिणाम साधा नाही. आपल्या भागात चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढतो. अशा दिवसांत सोनामुखी किंवा त्याहून तीव्र असा जमालगोटा घेऊन दहा वेळा बाहेर जाऊन आलेला मनुष्य दुपारी केळीच्या बागेत पाणी पाहण्यास गेला, तर त्याच्या अंगातील पाणी व क्षार किती उरले असतील? रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्यास, मधुमेहाची गोळी घेऊन केवळ लिंबू-पाण्यावर राहणाऱ्यास, किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्यास ही शुद्धी घेरी आणते आणि क्वचित प्राणावरही बेतते. शिवाय पाकिटात काय आहे हा प्रश्न राहतोच. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या परिसरात दुकानांतून विकली जाणारी दक्षिण आशियातील ७० आयुर्वेदिक औषधे तपासण्यात आली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला गेला, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला व वाद झाला. परंतु यकृत शुद्ध करण्यासाठी घेतलेल्या वस्तूने यकृतच बिघडले की काय, अशी शंका यावी, एवढेही सावध होण्यास पुरे आहे.

तरीही पाकीट घेणारे पुष्कळजण शपथेवर सांगतात की आम्हाला हलके वाटले. ते खोटे बोलत नाहीत. पण त्या सात दिवसांत त्यांनी काय काय केले ते पाहावे. चहा सोडला, बिस्किटे व फरसाण सोडले, रात्रीचे जेवण लवकर घेतले, मद्य घेणाऱ्याने ते बंद ठेवले, पाणी अधिक प्याले, झोप पुरी घेतली. आणि या सर्वांबरोबर एक भुकटीही घेतली. यश मात्र भुकटीच्या खात्यावर जमा झाले. एखाद्या शेतकऱ्याने एकाच हंगामात बियाणे पालटले, शेणखत दुप्पट टाकले, ठिबक बसविले, फवारणीचे औषधही नवे घेतले आणि पीक चांगले येताच औषधाच्या दुकानदाराचे आभार मानले, तर आपण त्यास काय म्हणू? आपल्या शेतात आपण एक पट्टा जुन्या रीतीचा ठेवतो व शेजारच्या पट्ट्यात एकच गोष्ट पालटून पाहतो. शेतीस लावलेली ही अक्कल स्वतःच्या पोटास लावण्यास हरकत नसावी.

साध्या अन्नाने हलके का वाटते, याचाही उलगडा झालेला आहे. २०१९ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत वीस प्रौढ माणसांस आवारातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अन्न व दोन आठवडे साधे घरगुती स्वरूपाचे अन्न देण्यात आले. दोन्ही वेळा पुढे वाढलेले अन्न साखर, स्निग्धांश, चोथा व क्षार यांच्या मानाने सारखे राखले होते. खावे तेवढे खाण्याची मोकळीक होती. कारखान्याच्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात गेली व त्यांचे वजन वाढले. साध्या अन्नावर ते उतरले. येथे विष निघाले नाही की काही धुतले गेले नाही. पोट वेळेवर 'पुरे' म्हणू लागले, इतकेच.

आपल्या भागात यासाठी दूर जावे लागत नाही. दादरची किंवा बाजरीची भाकरी, मुगाची डाळ, भेंडी, गिलके, दुधी, मेथी, ताक, शेंगदाणे, केळी ही सर्व आपल्याच शिवारातील. असे असता दादरचे पोते बाजारात नेऊन त्याच पैशात मुलांना बिस्किटाचे पुडे आणि स्वतःला पोट साफ करण्याचे पाकीट घेऊन येणारे शेतकरी दिसू लागले आहेत. हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो ते आम्हास कळत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. ठरावीक अन्न वर्ज्य करून रोगाचे कारण शोधण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील आल्बर्ट रो या वैद्याने १९२० नंतरच्या दशकात व्यवस्थित मांडली. परंतु तिचा सर्वांत बोलका दाखला हॉलंडमधील आहे. तेथे विलेम डिके नावाचे बालवैद्य होते. काही मुले खाऊनही वाळत जातात, त्यांचे पोट फुगते व जुलाब थांबत नाहीत. या रोगाचे मूळ गव्हात असावे असा त्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात भीषण उपासमार झाली व पाव दिसेनासा झाला. इतर सर्व कुपोषणाने खंगत असता ही मुले मात्र सुधारू लागली. पाव परत येताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० साली सादर केला. यात ध्यानात घेण्यासारखा भाग पुन्हा पाव आल्यावर काय झाले, हा आहे. गहू गेल्याने मुले सुधारली एवढ्यावरून गव्हाचा दोष सिद्ध होत नव्हता. गहू परतल्यावर रोग परतला, तेव्हा तो सिद्ध झाला.

आपल्या परंपरेत वर्ज्य करण्याची सवय काही थोडी नाही. आषाढातील कांदेनवमी झाली की अनेक घरांतून कांदा, लसूण व वांगे बाहेर जातात. वांगे तर पुष्कळ ठिकाणी चंपाषष्ठीपर्यंत शिवत नाहीत. आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत, कांद्याची पात व बाजरीची भाकरी असे सारे एकाच ताटात उतरते. श्रद्धेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याचा मोह जवळजवळ पाच महिन्यांनी कोणास आवरेल! पण चाचणी म्हणून पाहिले तर एवढ्या महिन्यांचे कष्ट एका जेवणात वाया जातात. कांदा व लसूण यांतील काही शर्करा आतड्यात न पचता आंबतात व नाजूक पोटाच्या माणसास वायू धरतो, हे ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधनाने आता चांगले माहीत झाले आहे. म्हणजे चातुर्मासात ज्याचे पोट शांत राहते, त्यास वांगे बाधत होते की कांदा, हे कळण्यास दोन्ही निरनिराळ्या आठवड्यांत परत यावयास हवे होते. उपवासाची तर गोष्टच निराळी. साबुदाणा, तळलेला बटाटा व शेंगदाण्याचे कूट यांनी 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण खरी केल्यावर कोणते पोट विसावा घेणार?

करावयाचे ते असे. ज्यास वरचेवर पोटफुगी, आंबट ढेकर किंवा जेवणानंतर डोके जड होण्याचा त्रास आहे, त्याने आधी आठवडाभर काहीही न बदलता रोज काय खाल्ले व काय झाले ते वहीत टिपावे. मग दोन ते चार आठवडे थोडेच, ओळखीचे, साधे पदार्थ घ्यावेत आणि संशयित पदार्थ पूर्णपणे सोडावेत. त्रास कमी झाला तर एक पदार्थ परत घ्यावा, तीन दिवस पाहावे, टिपावे, आणि मगच दुसरा घ्यावा. त्रास मुळीच कमी झाला नाही तर सोडलेले सर्व पुन्हा सुरू करावे. दोष तेथे नाही. यात घरातील स्वयंपाक करणारीचे साह्य घेतल्यावाचून चालत नाही, कारण पदार्थ लपून येतात. उडीद सोडला म्हणणारा कळण्याची भाकरी खातो, आणि कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. गहू सोडणाऱ्याच्या आमटीत बांधानी हिंग पडतो, आणि त्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. दूध सोडलेल्या माणसाने पेढा खाल्ला, एवढे तरी घरच्यांच्या ध्यानात यावे. लग्नसराईत हा प्रयोग आरंभू नये. वरण-बट्टीच्या पंगतीत वहीचा टिकाव लागत नाही.

एक गोष्ट जोर देऊन सांगणे भाग आहे. वर्ज्याहाराचा अर्धा भाग सोडण्याचा व अर्धा परत घेण्याचा आहे. पुष्कळ लोक पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. गहू सोडला, दूध सोडले, डाळी सोडल्या, बरे वाटले, म्हणून जन्मभर सोडूनच बसले, तर तो आहार लवकरच निकृष्ट होतो. मग हाही एक प्रकारचा डिटॉक्सच झाला, केवळ पाकिटाशिवायचा. दूध ज्यास बाधते त्यास ताक किंवा दही बहुधा सोसते, कारण विरजण लागताना दुधातील साखर काही अंशी कमी होते. हे परत घेऊन पाहिल्याशिवाय कसे कळणार?

लहान मुलांवर, गर्भिणीवर, अंगावर पाजणाऱ्या आईवर किंवा वजन घटत असलेल्या माणसावर हा प्रयोग घरच्या घरी मुळीच करू नये. आमच्या घरांतून सर्वांच्या मागून जेवणारी बाई आधीच अर्धपोटी असते व तिच्या अंगात रक्त कमी असते. तिने पथ्याच्या नावाखाली आणखी चार पदार्थ सोडणे म्हणजे अशक्तपणास आमंत्रण होय. शेंगदाणा किंवा मासळी खाऊन ज्याचे ओठ सुजले, श्वास कोंडला, त्याने तो पदार्थ घरी 'परत घेऊन पाहणे' जिवाशी खेळ ठरेल. शौचावाटे रक्त पडणे, कारणाशिवाय वजन उतरणे, गिळताना अडखळणे, रात्री झोपेतून उठविणारा जुलाब, यांस वही नको, डॉक्टर हवा. गव्हाचा दाट संशय असेल तर गहू सोडण्यापूर्वीच रक्ताची तपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यावर ती तपासणी फसवी ठरते व पुढे निदान कठीण होते.

अन्नात खरोखर विष असते अशीही उदाहरणे आहेत, आणि ती आपल्याच राज्यातील आहेत. पूर्व विदर्भात पिकणारी लाखेची डाळ दुष्काळी दिवसांत महिनोनमहिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली की माणसांचे पाय लुळे पडतात, हे जुने दुःख आहे. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे त्या बंदीवर पुष्कळ वादही झाले. त्या डाळीचे विष ज्ञात आहे. ती भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकल्याने, आणि आहारात इतर धान्ये-डाळी असल्याने धोका कमी होतो. पण एकदा मज्जातंतूंस इजा झाली की जगातील कोणताही जुलाब ते पाय सरळ करीत नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले. आपला जामनेर तालुकाही कपाशीचाच. अंगात विष शिरणे म्हणजे काय, हे कापूस पिकविणाऱ्यास कोणी शिकवावयास नको. आणि म्हणूनच या शब्दाचा बाजारात चाललेला पोरखेळ आम्हास विशेष खटकतो. फवारणीनंतर गूळ खाल्ला, ताक प्याले किंवा दुसऱ्या दिवशी जुलाब घेतला की औषध उतरते, असा काहींचा समज आहे. तो सपशेल चुकीचा आहे. कीटकनाशक बहुतेक कातडीवाटे व श्वासावाटे आत जाते. वाऱ्याच्या उलट तोंड करून न फवारणे, हातमोजे व तोंडावर पट्टी बांधणे, काम संपताच कपडे काढून साबणाने अंग धुणे, ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळणे, हाच तेथला बचाव. घाम सुटणे, लाळ गळणे, दृष्टी अंधुक होणे, छाती भरून येणे ही चिन्हे दिसताच डबा किंवा त्यावरील कागद बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. तेथे ॲट्रोपिनसारखे उतारे आहेत. या ठिकाणी पाकीट निरुपयोगी आहे आणि आमचा वर्ज्याहारही तितकाच निरुपयोगी आहे.

निसर्गोपचाराच्या बाजूने बोलणारे १९४६ च्या मार्चात महात्मा गांधींनी उरुळी कांचन येथे सुरू केलेल्या उपचारकार्याचा दाखला देतात. तो अवश्य द्यावा. पण पुरता द्यावा. गरीब खेडुतास परवडेल असा उपचार शोधणे, हा तेथला हेतू होता: माती, पाणी, ऊन, विश्रांती आणि साधे अन्न. ते काम पुढे चालविण्यासाठी तेथे राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बायफ' ही संस्था उभारली आणि गोधन व शेती यांत आयुष्य घातले. खेड्याच्या आरोग्याचा शोध घेता घेता तो मनुष्य गाईच्या गोठ्यापर्यंत व शेतकऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचला. महागड्या भुकटीच्या जाहिरातीस त्या आश्रमाचा आधार मिळण्यासारखा नाही.

पौष-माघात ज्या सभासदांस सवड होईल त्यांनी वर सांगितलेली वही एक महिनाभर ठेवून पाहावी. कोणता पदार्थ सोडला, कोणता परत घेतला व काय झाले, एवढेच मोजक्या शब्दांत लिहून मासिकाकडे पाठवावे. ज्यांना काहीच फरक आढळला नाही त्यांनीही तसे अवश्य कळवावे. अशा पत्रांस आधी जागा मिळावी अशी संपादकांस आमची विनंती आहे. प्रयोगासाठी स्वतःच्या घरची दादर व मूग वापरल्यास त्यांचा बाजारभावाने होणारा खर्चही सोबत लिहावा, म्हणजे पाकिटाच्या किमतीशी तो ताडून पाहता येईल.